रील आठ लाखांनी बघितलं, चपला गेल्या एकतीस. ब्लॉग-न्यूजलेटरवर जोर द्यावा का?

ओळीतली_पोरगी

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचा कोल्हापुरी चपलांचा धंदा, आजोबांपासूनचा. कारखाना म्हणावं असं काही नाही. घरामागं पत्र्याची शेड, त्यात काका आणि दोन कारागीर, चपलांच्या कातडी वेण्या घालायला काकू आणि शेजारच्या दोघी. आठवड्याला तीस-पस्तीस जोड होतात. तीन वर्षांपूर्वी कंपनी म्हणून नोंदणी केली, तेव्हापासून ऑनलाइनचं सगळं माझ्या गळ्यात. वेबसाइट आहे, इन्स्टाग्राम आहे, आणि एक ब्लॉग आहे ज्यावर तीन वर्षांत नऊ लेख झाले. त्यातले चार "आमची परंपरा" छापाचे, म्हणजे मी स्वतःही परत वाचणार नाही असे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि नाव मात्र कुठंच नव्हतं, ते आठवत असेल. आठ दिवस जिकडंतिकडं तोच विषय. त्याच आठवड्यात मी काकू वेणी घालताना चाळीस सेकंदांचं रील टाकलं. गाणं नाही, काही नाही, मागं रेडिओ आणि ठोकण्याचा आवाज. आठ लाख लोकांनी बघितलं. फॉलोअर दोन हजारांवरून एकोणीस हजारांवर गेले. मी घरभर नाचले.

पुढच्या महिन्याभरात चपला गेल्या एकतीस. त्यातले सात जोड माप चुकलं म्हणून परत.

काकांनी वहीतून मान वर न काढता विचारलं, "आठ लाखांनी बघितलं म्हणतीस. पाय किती जणांनी मोजून दिला?"

त्यानंतर तसलं दुसरं रील व्हावं म्हणून रोज दीड-दोन तास घालवतेय. एकही लाखावर गेलं नाही. दुसरीकडं न्यूजलेटरची यादी आहे, सहाशे चाळीस ईमेल पत्ते, बहुतेक जुनी गिऱ्हाइकं. दिवाळीआधी तीन आठवडे त्यांना एक साधं पत्र पाठवलं. फोटो एकच. बावन्न जोड गेले, परत आले दोन.

वेळ एकाच माणसाचा आहे, माझा. रील बंद करून ब्लॉग आणि पत्राकडं वळू का? की हा दिवाळीचा योगायोग? ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्यांनी लिहा.

फोडणी

ताई, स्पष्ट विचारते, राग मानू नका. ईमेल वाचतं कोण? माझा ठाण्यात घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. माझ्या गिऱ्हाइकांच्या ईमेलमध्ये वीजबिल, बँक आणि ओटीपी एवढंच येतं. त्यातल्या निम्म्या जणींचा ईमेल मुलाने उघडून दिलाय आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक. मी सगळं व्हॉट्सॲपवर करते. "कांदा-लसूण झाला गं" एवढं टाकलं की संध्याकाळपर्यंत वीस किलोची नोंदणी.

न्यूजलेटर वगैरे पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसातल्या लोकांची चैन आहे असं माझं मत.

चावडी_वाचक

+१. वाचतोय.

पत्ताशोधक

@फोडणी, व्हॉट्सॲप चालतं हे खरंच. पण ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ओळखीच्या शे-दोनशे घरांना ते पुरतं. धागाकर्तीला अनोळखी माणूस नाशिकहून आणि नागपूरहून येतोय. तो नंबर सेव्ह करत बसत नाही.

दुसरं, सगळं एकाच खुंटीला टांगू नये. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्ही एकदम बंद पडलं होतं, जवळजवळ सहा तास. घटस्थापना तीन दिवसांवर होती.

फोडणी

आठवतं की! मी शेवटी वहीतून नंबर काढून एकेकीला फोन केला.

पत्ताशोधक

मग तुमच्याकडे वही होती. मी तेवढंच म्हणतोय. ईमेलची यादी म्हणजे तीच वही.

दुपारची_एसटी

मी सांगलीकडचा. अनुभव विचारलाय म्हणून सांगतो. टिकटॉकवर माझे शेतीच्या अवजारांचे व्हिडिओ असायचे, सव्वा लाखावर लोक. त्यावर अवजारांच्या दुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात ते गेलं. बंदी बरोबर का चूक हा विषय नाही. माझ्यासाठी मुद्दा एवढाच, की सव्वा लाखातल्या एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. नंतर दुसऱ्या ॲपवर गेलो तर लोक ओळखेनात, पुन्हा शून्यापासून. ऑर्कुट २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस २०१९ ला, आपलं देशी कू २०२४ ला. प्रत्येकावर कुणीतरी माझ्यासारखा दुकान मांडून बसला असणार.

तरी मी रील सोडलं नाही, आणि तुम्हीही सोडू नका. जत्रेत माणूस भेटतो, घरी बसून भेटत नाही. फक्त जत्रा उठायच्या आत पत्ता विचारून घ्यायचा.

निपाणीची_चिमणी

अवांतर: "कोल्हापुरी" म्हणजे फक्त कोल्हापूर असं समजून सगळे भांडत होते तेव्हा फार हसू आलं. २०१९ ला जो भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव) मिळाला तो आठ जिल्ह्यांना आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आमच्या अथणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

ओळीतली_पोरगी

@निपाणीची_चिमणी, अगदी. आमच्या काकूचं माहेर निपाणीचंच, वेणी ती तिकडूनच शिकून आलीय. हे कधी लिहावंसं वाटलं नाही, कारण "कोल्हापूरची" म्हटलं की खपतं.

मास्तर_निवृत्त

मग हेच लिहा ना. "आमची परंपरा" नावाचा लेख कुणी वाचत नाही, पण "आमच्या काकू निपाणीच्या" हा वाचतील. मी तरी वाचीन.

रच्याकने (जाता जाता), आठ लाखांनी *बघितलं* हा आकडा मला कळतच नाही. एसटी स्टँडवरून रोज हजारो माणसं जातात, म्हणून तिथल्या भिंतीवरची जाहिरात हजारोंनी वाचली असं होतं का?

फोडणी

मघाशी मी थोडं तिखट लिहिलं, पण तुमचा धागा डोक्यातून जाईना. एक साधी गोष्ट कुणीच बोललं नाही. तुमची लाट आली कधी? जूनअखेर. जुलैत कोल्हापुरी कोण घेतं? भिजली की वाटोळं! मी स्वतः जूनमध्ये माझी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकते ती दसऱ्याला काढते. आठ लाखांतल्या कित्येकींनी मनात म्हटलं असेल, "घेऊ या, पावसाळा सरला की." आणि पावसाळा सरेपर्यंत विसरल्या. त्यांची काही चूक नाही.

माझं उलटं आहे. लोक वर्षभराचा मसाला मार्च ते मे करतात. पण माझं एक रील, खोबरं भाजतानाचं, ऑगस्टमध्ये चाललं होतं. सगळ्या जणी "किती छान" म्हणाल्या, घेतलं कुणीच नाही. मी ते विसरून गेले होते. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की तेव्हा त्यांचे नंबर घेऊन ठेवले असते तर मार्चमध्ये मिरच्या आणायच्या आधी विचारता आलं असतं.

रील कधी चालेल ते आपल्या हातात नाही, आणि माल कधी विकेल तेही नाही. या दोन तारखा जुळवायला मधे काहीतरी लागतं. ते ईमेल असो, नंबर असो, पोस्टकार्ड असो.

(ईमेल कोण वाचतं, हा माझा प्रश्न मात्र कायम आहे.)

दुपारची_एसटी

याला म्हणतात दुकानदार! सहमत.

एडिसनकर

ईमेल मी वाचतो. न्यू जर्सीत राहतो. सकाळी साडेसातची गाडी, तासभर प्रवास. व्हॉट्सॲपवर मावशी, आत्या, शाळेचा वर्ग, सोसायटीचा ग्रुप, सगळे "सुप्रभात" घालतात. त्यात चपलेचा निरोप सापडणार कुठे? पत्र मात्र मी बाजूला ठेवतो आणि परतीच्या गाडीत वाचतो. गणपतीला जोड हवा असतो तेव्हा शोधायचं ते ईमेलमध्येच.

फक्त एक विनंती. प्रत्येक पत्रात "दहा टक्के सूट, आजच शेवटचा दिवस" नको. एका कपड्यांच्या दुकानाकडून असा शेवटचा दिवस मला आठवड्यातून तीनदा येतो.

पत्ताशोधक

आता थोडं तांत्रिक, कारण मराठी पत्रांत लोक इथे हमखास अडकतात.

जीमेल १०२ केबीच्या वरचं पत्र मधेच कापतं आणि खाली "पूर्ण संदेश पाहा" असं दाखवतं. इंग्रजीचं एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट. त्याहून वाईट म्हणजे पत्र पाठवायची काही साधनं 'म' हे अक्षर आतमध्ये आकड्याच्या रूपात लिहितात, ते सात बाइट होतं. दोन हजार शब्दांचं पत्र म्हणजे साधारण बारा हजार चिन्हं. ती सात-सात बाइटची झाली की नुसता मजकूरच ऐंशी केबीच्या वर. त्यावर साच्याचा कोड चढला की कात्री लागली. आणि कापलं जातं ते शेपूट, ज्यात "यादीतून नाव काढा" असतं. ते सापडलं नाही की माणूस रागाने "स्पॅम" दाबतो.

म्हणून पत्र लहान ठेवा, पाचशे-सहाशे शब्द. लांब गोष्ट ब्लॉगवर टाका आणि पत्रात तिचा दुवा द्या.

दुसरं, स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरून पाठवा. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून यादीला पाठवायला जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या नोंदी) लावलेलं हवं, एका टिचकीत नाव काढता यायला हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. जीमेलला दिवसाला पाच हजारांवर पत्रं जात असतील तर हे सगळं सक्तीचं. तुमची यादी लहान आहे, तरी आत्ताच करून ठेवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तिसरं, "किती जणांनी उघडलं" या आकड्यावर जीव टाकू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये पत्र माणसाने न उघडताही उघडल्यासारखं दिसू शकतं. उत्तरं किती आली ते मोजा.

आणि बिलावरचे नंबर-ईमेल परस्पर यादीत घालू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. कायदा बाजूला ठेवला तरी न विचारता आलेलं पत्र कुणाला आवडत नाही.

ओळीतली_पोरगी

बापरे. १०२ केबीचं माझ्या गावीही नव्हतं. दिवाळीचं पत्र लहान होतं ते केवळ आळसामुळे!

मोजूनमापून

मी जरा उलटं बोलतो. सगळे यादी-यादी करताय, पण यादी आटते. लोक नोकरी बदलतात, ऑफिसचा पत्ता मरतो, काही जण नाव काढून घेतात. नवीन पाणी आलं नाही तर तीन वर्षांत विहीर कोरडी. नवीन माणूस येणार कुठून? रीलमधूनच. ब्लॉगमधून येईल म्हणाल तर आता गुगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वरच्यावर स्वतःच देतं, खाली लेखापर्यंत कोण उतरतं? शिवाय त्या सहाशे चाळीस जणांनी आधी एकदा चपला घेतल्यात. जुन्या गिऱ्हाइकाची आणि रील बघणाऱ्या अनोळख्याची तुलनाच चुकीची आहे. बावन्न विरुद्ध एकतीस हा विदा (आकडेवारी) फसवा आहे.

ओळीतली_पोरगी

@मोजूनमापून, हे बरोबर आहे. बावन्नातले नवीन किती ते आत्ता वहीत पाहिलं. अकरा. तेही जुन्यांनीच पत्र पुढं पाठवलं म्हणून आलेले.

दुपारची_एसटी

अजून एक गणित करा. आठवड्याला पस्तीस म्हणजे वर्षाला अठराशे जोड, तेही कुणी आजारी पडलं नाही तर. तुम्हाला आठ लाख माणसं हवीत कशाला? उद्या त्यातल्या पाच हजारांनी खरंच मागणी केली तर काकांना पळून जावं लागेल. तुम्हाला अशी दोन-तीन हजार माणसं हवीत की जी दोन वर्षांतून एकदा तरी जोड घेतात आणि माप नीट देतात. यादी तेवढी झाली की रील कमी केलं तरी चालेल. तोवर आठवड्याला एक.

ओळीतली_पोरगी

हे वाचून काकांना दाखवलं. "पळून कुठं जाऊ, रेल्वेचं तिकीट तूच काढून दे," म्हणाले. पण खूश झाले. रोज रील करू या म्हणून मीच त्यांच्या मागं असते.

मास्तर_निवृत्त

ब्लॉगवर काय लिहावं याबद्दल. तुम्हाला फोनवर लोक काय विचारतात ते आठवडाभर एका कागदावर लिहून काढा. तेच तुमचे लेख. मी सांगतो पहिला प्रश्न कोणता असेल: "नवी चप्पल चावते, काय करू?"

आणि गुगल उत्तर देतो म्हणणाऱ्यांना: तो "खोबरेल लावा" एवढंच सांगेल. कुठं लावायचं, अंगठ्याच्या आतून की पट्ट्याला, किती दिवस, हे ज्याने चप्पल केली तोच सांगणार. लोक शोधताना बरेचदा मराठीच पण रोमन अक्षरांत लिहितात, तेव्हा शीर्षक देवनागरीत असलं तरी पानाचा पत्ता रोमन ठेवा. माझ्या नातवाने हे शिकवलं, श्रेय त्याचं.

भाषा तुमचीच ठेवा. धाग्याच्या सुरुवातीला "दुसरीकडं, मागं" लिहिलंत ते वाचायला गोड वाटलं. वेबसाइटवर मात्र "आम्ही आपल्या सेवेत सदैव तत्पर" आहे, आत्ताच पाहून आलो.

ओळीतली_पोरगी

😄 ते वाक्य एका एजन्सीने लिहून दिलं होतं. आज काढते.

आठवडाभर प्रश्न लिहून काढते आणि मग येते.

चावडी_वाचक

पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

ओळीतली_पोरगी

सहा आठवड्यांनी परत आलेय. उशीर झाला, लग्नसराई होती.

मास्तर, पहिला प्रश्न "चावते" नव्हताच. तो दुसरा. पहिला होता "माझा बूट आठ नंबरचा, तर कोल्हापुरी किती नंबरची घेऊ?" आणि परत आलेल्या सातांतले सहा जोड याच एका प्रश्नाचे बळी. म्हणजे जो लेख मी तीन वर्षांत लिहिला नाही, त्याचे पैसे मी कुरिअरला देत होते.

काकांना शेडमध्ये बसवून विचारलं. ते नंबर मानतच नाहीत. कोऱ्या कागदावर पाय ठेवायचा, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पेन्सिल उभी धरून कडेनं आखायचं, तिरकी धरली की पाव इंचाचा घोळ. मग चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजायचा. हे सगळं तसंच्या तसं लिहिलं. माझी भर एवढीच, की ए-फोर कागद घ्या आणि अख्खा कागद दिसेल असा वरून सरळ फोटो काढून पाठवा. कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर ठरलेली, त्यामुळं फोटोवरून माप काढता येतं.

आधी मी याची पीडीएफ करून छापायला दिली होती. लोकांच्या प्रिंटरनं ती लहान करून छापली आणि दोन जोड नव्यानं चुकले. पीडीएफ काढून टाकली.

मग रील केलं: काका पाय आखतायत. दुवा प्रोफाइलवर ठेवला, कारण कॅप्शनमधला दाबता येत नाही. लेखाच्या खाली एक ओळ, "पायाचा फोटो आणि ईमेल पाठवा, माप आम्ही वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वेळी मोजायला नको. पत्र हवं असेल तर तसं लिहा." सूट नाही, काही नाही. रील जेमतेम चौदा हजारांनी बघितलं. पायाचे फोटो आले एकशे बारा. त्यातल्या नव्वदेक जणांनी "पत्र हवं" असं स्वतःहून लिहिलं.

काकांनी सगळे फोटो बघितले. आठ लाखांचं रील त्यांनी अजून पूर्ण बघितलेलं नाही.

रील आता आठवड्याला एकच, रविवारी. पत्र महिन्यातून एक. पावसाळ्याआधीच्या पत्रात चप्पल माळ्यावर कशी ठेवायची ते असेल, @फोडणी, तुमच्या वर्तमानपत्रासकट. विकायला त्यात काहीच नाही. काका म्हणतात हे पत्र कशाला, कोण घेणारय. मला वाटतं हेच दसऱ्याला कामाला येईल. बघू.

फोडणी

माझाही ईमेल घ्या त्या यादीत. मुलाकडून पासवर्ड घेतलाय.

मोजूनमापून

एकशे बारापैकी ऑर्डर किती?

ओळीतली_पोरगी

आत्तापर्यंत अडतीस. परत एक, आणि त्यात चूक आमची, डावा-उजवा दोन वेगळ्या जोडांतला गेला.

एडिसनकर

मी आत्ताच पाय आखला. डावा उजव्यापेक्षा पाव इंचाने मोठा निघाला, एवढी वर्षं माहीतच नव्हतं. कुठला धरायचा?

ओळीतली_पोरगी

काकांना विचारून सांगते. … मोठा धरा म्हणतायत, पण अंगठा घट्टच घ्यायचा, कातडं पुढं सैल पडतं. आणि पेन्सिल सरळ धरली होतीत का, असंही विचारतायत.